उरलेली साक्ष

निपाणीच्या कोर्टाबाहेर, करंजाच्या झाडाखाली
सात वर्षांत माझी जागा ठरून गेली आहे.
बाकाचा एक पाय आखूड, त्या टोकाला मी.
दुसऱ्या टोकाला, दोन पोलिसांच्या मध्ये, भरमू.

त्याचं नाव मला पुकाऱ्यानं शिकवलं.
वखारीतल्या त्या रात्री त्याला नाव नव्हतं,
चेहराही अर्धाच होता:
बॅटरीच्या उजेडात एक कान, गालाचं हाड,
आणि भिंतीपलीकडं धप्पकन पडल्याचा आवाज.
तंबाखूचे तीन बोद गेले. मी वखारीचा काटावाला.
फौजदारानं विचारलं, हाच काय?
मी म्हटलं, असंल.
कागदावर ते 'आहे' झालं, कन्नडात.
खाली सही माझी, मराठीत.

पहिल्या वर्षी साहेबांची बदली झाली.
मग सरकारी वकील आजारी.
मग हिंडलग्याहून गाडीच निघाली नाही,
शिपाई सगळे बंदोबस्ताला, कुठल्याशा मोर्चाच्या.
एकदा बहिष्कार. एकदा मुद्देमालच सापडेना,
सापडला तेव्हा कारकून शिंकत बाहेर आला:
भुकटी झालीया नुसती, आता वजन कशाचं करायचं?
मी हसलो, आणि मग मलाच ते बोचलं.

दर खेपेला शिरस्तेदार मान वर न करता म्हणतो,
"मुंदिन तारीख."
एवढं कन्नड आता माझ्या नातवालाही येतं.

जामीन झाला होता त्याला, पहिल्याच पावसाळ्यात.
मामाची दीड एकर, कागलच्या अंगाला.
पण सातबारा चालेना, पहाणी पाहिजे, ह्या राज्याची.
कोगनोळीचा नाका ओलांडला
की जमीन जमीन राहत नाही, नुसता कागद होते.
मामा त्या कागदाच्या घड्या घालत
संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला.
पुढं तो गेला. घड्या पडलेला सातबारा कुणाकडं गेला, ठाऊक नाही.

काका, आज व्हईल का?
भरमू दर तारखेला विचारतो, मलाच.
मी मूठभर शेंगा बाकावर मध्ये ठेवतो,
शिपाई तेवढ्यापुरतं झाडाकडं बघतो.
बेड्यांच्या हातानं शेंग फोडायला
दोन्ही हात लागतात, हे मी इथं शिकलो.
त्याच्या कानावरचे केस पिकले.
तोच कान काय? कितीदा तरी चोरून बघितला.
आता डोळे मिटले की भिंतीवरही हाच दिसतो,
पिकल्या केसांचा, शेंगा खाणारा.

यंदा सरकारनं दिलेली वकीलबाई आली,
शिवापूरकर, आवाज बारीक, बोलणं मात्र ठाम.
म्हणाली, वेळेत सुनावणी हा ह्याचा हक्क आहे, साहेब,
गुन्हा शाबीत होऊनही मिळाली नसती
एवढी शिक्षा ह्यानं नुसतं थांबून भोगली.
साहेब नवे. त्यांनी फाईल उचलून हातावर तोलली,
मी तोलतो तशी.
घ्या, म्हणाले, साक्ष आजच घ्या.

आदगोंडा मगदूम! आदगोंडा मगदूम!
तिसऱ्या हाकेआधीच मी पिंजऱ्यात.
खरं सांगेन, म्हटलं. घसा कोरडा.
ह्याला ओळखता?

ह्याला मी घरच्यांइतका ओळखतो.
ह्याला हिवाळ्यात खोकला होतो,
ह्याची आई गेली तेव्हा गाडी उशिरा निघाली,
ह्याला खारट शेंगा नको असतात.
"ओळखतो," मी म्हणालो.
टंकलेखकाची बोटं चालली. भरमूनं मान खाली घातली.
आणि मी पुढचं तोंडात जुळवत होतो:
ओळखतो साहेब, पण ह्या बाकावरून,
वखारीतनं नव्हे, तिथला मला आता

दोन वाजले.
साहेब उठले, सगळे उठले.
उरलेली साक्ष मुंदिन तारखेला.

एवढाच एक शब्द कागदावर आहे माझा.
बाकीचं वाक्य घेऊन मी बसस्टँडवर उभा आहे,
आणि ती निळी गाडी हिंडलग्याला निघाली आहे,
तिच्या जाळीतून एक हात
नेहमीसारखा, मला, हलतो आहे.